रिकिबीची वादी : गंगथडीच्या घोडेस्वारीतील एक उपेक्षित प्रकरण

१

नाशिकच्या पूर्वेस, निफाड तालुक्यात, गोदावरीच्या काठी सायखेडा हे बाजाराचे गाव वसले आहे. नदीच्या पलीकडे समोरच चांदोरी आहे. पेशव्यांचे दिल्ली दरबारातील वकील म्हणून प्रसिद्धीस आलेल्या हिंगणे घराण्याची जहागीर ती हीच. या प्रदेशात गोदावरीस सरसहा गंगा म्हणतात आणि तिच्या दोन्ही काठांस पसरलेल्या काळ्या जमिनीच्या पट्ट्यास गंगथडी. मराठ्यांच्या इतिहासात गंगथडीचे नाव अनेक कारणांनी येते. त्यांपैकी एक कारण तेथील घोडी हे होय. ग्रँट डफने इ. स. १८२६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या इतिहासाच्या प्रास्ताविक भागात गोदावरी, भीमा, नीरा व माण या नद्यांच्या काठची घोडी दख्खनेत नावाजलेली असल्याचे नमूद केले आहे. त्यांतही नीरा व माण यांच्या काठची जनावरे त्याने श्रेष्ठ ठरविली असली, तरी पहिले नाव गोदावरीचेच आहे. आज सायखेड्याच्या शिवारात द्राक्षाचे मांडव आणि कांद्याची शेते दिसतात, आणि घोडा दिसलाच तर तो बहुधा वरातीत दिसतो. तथापि एकेकाळी या पट्ट्यातील गवत, ज्वारीचा कडबा आणि नदीचे पाणी यांवर लष्करी उपयोगाचे जनावर पोसले जात होते, ही गोष्ट विसरून चालणार नाही.

मराठ्यांच्या घोडदळाविषयी विपुल लिहिले गेले आहे. सुरेंद्रनाथ सेन यांचा मराठ्यांच्या लष्करी पद्धतीवरील ग्रंथ इ. स. १९२८ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हापासून पागा व शिलेदारी, सरंजाम, नालबंदी, मुलूखगिरी या विषयांची चर्चा अखंड चालू आहे. परंतु या चर्चेत घोडदळ म्हणजे बहुधा एक संख्या असते. अमुक हजार स्वार अमुक ठिकाणी गेले, एवढेच त्यातून कळते. ते स्वार जनावराच्या पाठीवर कशाच्या आधारे बसले होते, त्यांचे पाय कोठे टेकले होते, आणि रोज दहा-पंधरा कोसांची मजल मारूनही घोड्याची पाठ आणि स्वाराचे गुडघे शाबूत कसे राहत होते, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. या प्रश्नाचे उत्तर खोगिराच्या भरावात, तंगाच्या ताणात आणि रिकीब जिला टांगलेली असते त्या चामड्याच्या वादीत दडलेले आहे. रिकीब हे साधन केव्हा आले, यापेक्षा ते कसे जुळवून घेतले गेले, हा प्रश्न इतिहासदृष्ट्या अधिक फलदायी आहे, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे.

२

रिकिबीच्या उगमाची कथा महाराष्ट्राच्या भूमीला स्पर्श करून जाते. सांची व मथुरा येथील प्राचीन शिल्पांत, तसेच लोणावळ्याजवळील भाजे येथील विहाराच्या शिल्पपटांत घोड्यावर बसलेल्या काही आकृतींचे पाय दोरीच्या वा चामड्याच्या फासात अडकविलेले दिसतात, याकडे विद्वानांनी लक्ष वेधले आहे. ही शिल्पे इसवी सनापूर्वीच्या दोन-एक शतकांतील व त्यानंतरच्या काळातील आहेत. हा फास पूर्ण पावलाचा नसून मुख्यतः अंगठ्याचा होता. अनवाणी स्वार अंगठा त्यात घालून शरीराचा तोल सावरीत असे. थंड प्रदेशात, जेथे स्वार जाड जोडे घालूनच घराबाहेर पडतो, तेथे अंगठ्याचा फास निरुपयोगी ठरला असता. पायाचे साधन पायातील वहाणेवर अवलंबून असते, हा या इतिहासातील पहिला धडा होय.

पूर्ण पाऊल सामावून घेणाऱ्या ताठ रिकिबीचा सर्वांत जुना स्पष्ट पुरावा चीनमध्ये मिळतो. चांगशा येथील इ. स. ३०२ च्या थडग्यात सापडलेल्या मातीच्या मूर्तीत घोड्याच्या केवळ डाव्या बाजूस रिकीब आहे. स्वाराचा पाय तीत नसल्याने ती वर चढण्यापुरती असावी, असे अनुमान केले जाते. इ. स. ४१५ मध्ये मरण पावलेल्या फंग सूफू या सरदाराच्या थडग्यात मात्र दोन्ही बाजूंच्या जोडीच्या रिकिबी सापडल्या. त्या लाकडाच्या असून त्यांवर सोन्याचा मुलामा दिलेल्या धातूचा पत्रा मढविलेला होता. म्हणजे चढण्याची पायरी पुढे बसण्याचा आधार बनली. तेथून मध्य आशियातील भटक्या टोळ्यांमार्फत हे साधन पश्चिमेकडे व दक्षिणेकडे पसरले. हिंदुस्थानात खजुराहोसारख्या मंदिरांच्या शिल्पपट्टांत रिकिबीत पाय ठेवलेले स्वार दिसतात, आणि दिल्लीच्या सुलतानांच्या काळापर्यंत लोखंडी रिकीब ही घोडदळाची नित्याची वस्तू झालेली आढळते. दख्खनेत घोडेस्वारीची कला तत्पूर्वीच परिणत झाली होती. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ ग्रंथात वाजिवाह्याली नामक अश्वक्रीडेचे सविस्तर वर्णन आहे, ही गोष्ट या संदर्भात ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

या साधनाला जागतिक इतिहासात मोठे स्थान मिळवून दिले ते अमेरिकन इतिहासकार लिन व्हाइट यांनी. इ. स. १९६२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मध्ययुगीन तंत्रविद्येवरील ग्रंथात त्यांनी असे मांडले की, आठव्या शतकात फ्रँक लोकांनी रिकीब स्वीकारली. तिच्यामुळे स्वार व घोडा एकजीव होऊन भाल्याचा आघात घोड्याच्या संपूर्ण वेगानिशी करणे शक्य झाले. अशा चिलखती स्वाराचा खर्च भागविण्यासाठी जमिनी तोडून देणे भाग पडले. आणि त्यातून युरोपातील सरंजामशाही उदयास आली. एका लोखंडी कड्यातून संपूर्ण समाजव्यवस्था काढून दाखविणारा हा सिद्धांत आकर्षक होता. पुढच्याच वर्षी, इ. स. १९६३ मध्ये, सॉयर व हिल्टन यांनी त्यावर कठोर टीका केली. पुराव्यांचा कालक्रम जुळत नाही, आणि साधनामुळे समाज आपोआप बदलतो हे गृहीतकच दुबळे आहे, असा त्यांच्या आक्षेपाचा आशय होता. या वादात मराठ्यांचे उदाहरण मात्र फारसे पुढे आलेले नाही. मराठ्यांजवळ रिकीब होती, भाला होता आणि जमिनीचा सरंजामही होता; परंतु त्यांचा स्वार हा चिलखताने जड झालेला आघाती योद्धा नव्हता. तो हलका, चपळ आणि टक्कर टाळून शत्रूची रसद तोडणारा होता. साधन तेच असता फल इतके भिन्न कसे, याचा उलगडा साधनाच्या अस्तित्वाने होत नाही. तो साधनाच्या जुळणीकडे पाहिल्यासच होतो.

३

घोड्याच्या साजाचे मराठी शब्द तपासले असता एक लक्षणीय गोष्ट दृष्टीस पडते. जीन, लगाम, रिकीब, तंग, खोगीर, चारजामा, दुमची हे शब्द फारसी व अरबी भाषांतून आलेले आहेत. परंतु स्वाराच्या शरीराचे व कौशल्याचे शब्द, मांड, टाच, बैठक, हे देशी आहेत. साज बाहेरून आला, पण बसण्याची विद्या येथल्याच देहात रुजली, असा या शब्दभेदाचा अर्थ लावता येईल. शिवकालात रघुनाथपंत हणमंते यांच्या देखरेखीखाली ‘राजव्यवहारकोश’ तयार झाला. त्यात फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देण्याचा उपक्रम हाती घेण्यात आला आणि सैन्याच्या अंगांसाठी चतुरंगवर्ग हा स्वतंत्र वर्ग योजण्यात आला. तथापि पागेतल्या माणसाच्या तोंडी जीन, तंग आणि रिकीब हेच शब्द टिकले. जे शब्द रोज हाताळल्या जाणाऱ्या वस्तूंचे असतात, ते दरबारी आज्ञेने सहसा बदलत नाहीत.

या शब्दांच्या अर्थांतही विचार साठविलेला आहे. खोगीर या शब्दाचा मूळ फारसी अर्थ घाम टिपून घेणारे असा आहे. म्हणजे मुळात ते स्वारासाठी नव्हे, तर घोड्यासाठी होते. पाठीवरचा घाम शोषून घेणे आणि जीन व कातडी यांतील घर्षण कमी करणे हे त्याचे काम. त्यात वाटेल त्या चिंध्या कोंबण्याच्या प्रघातावरून ‘खोगीरभरती’ हा शब्द निरर्थक भरीसाठी मराठीत रूढ झाला. पण पाठीच्या दृष्टीने पाहता हा भराव मुळीच निरर्थक नव्हे. तो एका बाजूस गोळा झाला तर जीन तिरके बसते, आणि जीन तिरके बसले की एक रिकीब खाली व दुसरी वर जाते. तंग या शब्दाचेही तसेच आहे. तो पोटाखालून आवळण्याच्या पट्ट्याचे नाव आहे आणि घट्ट, अपुरा या अर्थाचे विशेषणही आहे. पट्टा किती आवळावा हा प्रश्नच जणू त्या वस्तूच्या नावात सामावला आहे. मोगल दरबारात तर रिकीब हा शब्द राजसत्तेचे प्रतीक बनला. जे मनसबदार प्रत्यक्ष बादशहाच्या सान्निध्यात असत, त्यांना ‘हाजिर-रिकाब’ म्हणत. धन्याच्या रिकिबीजवळ असणे म्हणजे सत्तेच्या निकट असणे, हा त्यामागील भाव होय.

४

रिकिबीच्या जुळणीचे शास्त्र थोडक्यात सांगितल्यावाचून पुढील विवेचन स्पष्ट होणार नाही. रिकिबीवाचून स्वार मांडीच्या व पोटरीच्या पकडीवर बसतो. पुढे-मागे जाणारा तोल त्याला बऱ्याच अंशी सावरता येतो. परंतु घोडा एकाएकी वळला किंवा स्वाराने बाजूस वाकून वार केला तर तो घसरतो. रिकीब या बाजूच्या तोलाला आधार देते. शिवाय स्वाराच्या वजनाचा काही भाग ती पायांवर घेते आणि दुडक्या चालीत कमरेस बसणारे हिसके कमी करते. पण हे सर्व वादीची लांबी योग्य असेल तरच घडते. वादी फार लांब असेल तर स्वाराला रिकीब शोधण्यासाठी पाय ताणावा लागतो, टाच वर उचलली जाते आणि आधार नाममात्र उरतो. ती फार आखूड असेल तर गुडघा वर येतो, पाय बधिर होतात आणि सांध्यांवर ताण पडतो. दोन्ही बाजूंच्या वाद्या असमान असतील तर स्वाराचे वजन एका बाजूस कलते आणि त्याचे प्रायश्चित्त घोड्याच्या पाठीला भोगावे लागते. स्वारीचे शिक्षक आजही एक सोपे माप सांगतात. बोटे जिनावरील वादीच्या कडीला टेकवून हात सरळ ताणला असता रिकीब काखेपर्यंत पोहोचावी. हे माप केवळ आरंभापुरते असते. पुढे चाल, भूमी आणि काम यांनुसार एक-दोन छिद्रे कमी-अधिक करावी लागतात.

तंगाचेही तसेच. तो सैल असेल तर एका रिकिबीवर भार पडताच संपूर्ण जीन घोड्याच्या पोटाकडे फिरते. तो अतिशय आवळलेला असेल तर श्वास अडतो आणि कातडी सोलवटते. खोगीर घालताना घोडा पोट फुगवितो. म्हणून जाणता स्वार थोडे अंतर चालून गेल्यावर तंग पुन्हा तपासतो. रिकिबीत पाऊल किती आत घालावे हाही विचाराचा भाग आहे. केवळ चवडा टेकविला तर घोटा लवचिक राहतो, परंतु धक्क्याने पाय सुटण्याचा संभव असतो. पाऊल पूर्ण आत घातले तर पकड पक्की होते, पण पडण्याच्या प्रसंगी पाय अडकून स्वार फरफटत जाण्याचे भय असते. नियंत्रण आणि सुटका या दोन परस्परविरोधी गरजांमध्ये प्रत्येक स्वाराला आपापला मध्य शोधावा लागतो.

जगातील घोडेस्वारीच्या परंपरांचा भेद बहुतांशी या मध्यातच आहे. मध्ययुगीन युरोपातील चिलखती स्वार लांब वादी ठेवून, पाय जवळजवळ ताठ करून, उंच जिनात रुतून बसे. स्पेनमध्ये या पद्धतीला ‘ब्रिदा’ म्हणत. त्याच देशात उत्तर आफ्रिकेतील झनाता लोकांकडून आलेली ‘हिनेता’ पद्धती प्रचलित होती. तीत वादी आखूड असे, गुडघा दुमडलेला असे, आणि स्वार रिकिबीत उभा राहून चारी दिशांस वळू शके. पहिली पद्धती आघात झेलण्यासाठी, तर दुसरी चपळाईसाठी. एकाच देशात, एकाच काळी, तेच साधन केवळ वादीच्या लांबीमुळे दोन भिन्न युद्धपद्धतींना उपयोगी पडत होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टॉड स्लोन या अमेरिकन जॉकीने इंग्लंडच्या शर्यतींत अत्यंत आखूड रिकिबी आणल्या, आणि त्याच सुमारास इटलीचा लष्करी अधिकारी काप्रिल्ली याने उडी मारताना स्वाराने पुढे झुकून बसण्याची पद्धती घालून दिली. दोघांनीही नवीन साधन शोधले नाही. असलेल्या साधनाची जुळणी मात्र बदलली, आणि तेवढ्याने शर्यतीचे व उडीचे तंत्र पालटले.

हा न्याय केवळ घोड्यापुरता नाही, हे विसाव्या शतकातील एका अगदी वेगळ्या उदाहरणावरून दिसते. बर्फाच्या उतारावरून एकाच रुंद फळीवर आडवे उभे राहून घसरण्याचा ‘स्नोबोर्ड’ नामक खेळ इ. स. १९६५ मध्ये अमेरिकेतील मिशिगन राज्यात शर्मन पॉपेन यांनी मुलींसाठी केलेल्या खेळण्यापासून वाढला. त्या पहिल्या फळीवर पाय मोकळेच असत. फळीच्या टोकास बांधलेली दोरी हाती धरून तोल सावरायचा, म्हणजे लगाम होता पण रिकीब नव्हती. जेक बर्टन यांनी इ. स. १९७७ पासून ज्या फळ्या बनविण्यास आरंभ केला, त्यांच्या प्रकारात पुढे पाय बांधण्याच्या पट्ट्या स्थिर झाल्या, आणि दोरी मागे पडली. इ. स. १९९८ मध्ये नागानो येथील हिवाळी ऑलिंपिकमध्ये हा खेळ समाविष्ट झाला. आपल्याकडे काश्मीरमधील गुलमर्ग येथे तो खेळला जातो. तेथील प्रश्न गंगथडीच्या राउताच्या प्रश्नाहून मूलतः वेगळे नाहीत. दोन पायांत सुमारे खांद्याइतके अंतर ठेवावे लागते. पावलांचे कोन खेळाडूच्या गुडघ्यांच्या नैसर्गिक ठेवणीशी जुळवावे लागतात. पोटरीमागील ताठ आधार किती पुढे झुकवावा, यावर टाचेकडील कडेचा ताबा अवलंबून असतो. घोट्यावरील पट्टा सैल राहिला तर टाच उचलली जाऊन फळी आज्ञा पाळीत नाही. तो फार आवळला तर पाय बधिर होतो. नियंत्रण आणि सुख या परस्परविरोधी गोष्टी नसून एकाच योग्य जुळणीची ती दोन नावे आहेत, हे दोन्ही ठिकाणी सारखेच खरे ठरते.

५

आता मराठ्यांच्या घोडदळाकडे वळावे. सभासदाने सतराव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या बखरीत शिवछत्रपतींच्या पागेची रचना दिली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमल्यांवर एक हजारी, अशी ती उतरंड होती. प्रत्येक पंचवीस राउतांमागे एक पखालजी आणि एक नालबंद नेमलेला असे. या नेमणुकांत पाण्याची आणि नालांची व्यवस्था स्पष्ट दिसते. जीन दुरुस्त करणाऱ्या कारागिराची तशी नेमणूक दिसत नाही. यावरून जिनाकडे दुर्लक्ष होते असे अनुमान काढणे चुकीचे ठरेल. नाल ठोकण्यास भाता, ऐरण व विशेष कौशल्य लागते. खोगिराचा भराव सारखा करणे, तंग आवळणे आणि वादी एक-दोन छिद्रे कमी-जास्त करणे ही कामे ज्याची त्याला येणे अपेक्षित होते, असा याचा अधिक सयुक्तिक अर्थ होय.

बारगीर आणि शिलेदार यांच्यातील भेदाचाही या विषयाशी संबंध आहे. बारगिराचा घोडा व साज सरकारी असे. शिलेदार स्वतःचा घोडा व साज घेऊन चाकरीस येई. शिलेदाराच्या बाबतीत घोडा, जीन व स्वार यांची जुळणी वर्षानुवर्षे एकच राही आणि तिची झीज त्याच्याच पदरी पडे. बारगिराच्या बाबतीत स्वार बदलत, घोडे मरत, आणि एकाचे जीन दुसऱ्याच्या वाट्यास येई. म्हणून पागेच्या साजात कमी-जास्त करता येण्याची सोय अपरिहार्य होती. शिलेदाराच्या घोड्याची पाठ सोलवटली तर ते त्याचे घरचे नुकसान होते. पागेच्या घोड्याची सोलवटली तर ते राज्याचे. पागेतील शिस्तीचा आग्रह याच कारणास्तव होता. इ. स. १६७३ मध्ये चिपळूणच्या छावणीच्या प्रसंगी शिवछत्रपतींनी जुमलेदार, हवालदार व कारकुनांस लिहिलेले पत्र सुप्रसिद्ध आहे. पावसाळ्यासाठी साठविलेला दाणा व वैरण आधीच उधळली तर घोडी उपाशी मरतील, मग लोक रयतेस उपद्रव देतील, आणि एखाद्या पेटत्या वातीने वा विस्तवाने गवताच्या गंजी व घोडी जळून जातील, अशी अत्यंत बारीक सावधगिरी त्यात आहे. उंदराने पेटती वात नेण्याची शक्यता ज्याच्या नजरेतून सुटली नाही, त्या राज्यकर्त्याचे घोडदळ केवळ संख्येवर उभे नव्हते.

या घोडदळाचे सामर्थ्य गंगथडीतच एका निर्णायक प्रसंगी प्रकट झाले. पहिला बाजीराव आणि निजामउल्मुल्क यांच्यात इ. स. १७२७-२८ मध्ये झालेल्या मोहिमेचा शेवट २८ फेब्रुवारी १७२८ रोजी पालखेड येथे झाला. (हे पालखेड गोदावरीच्या खोऱ्यात वैजापूरकडील होय, कादवेवरील धरणामुळे परिचित असलेले नाशिक जिल्ह्यातील पालखेड वेगळे.) बाजीरावाने जालना, बऱ्हाणपूर व गुजरात या दिशांनी वेगवान हालचाली करून निजामास पुण्याहून मागे खेचले. जड तोफखाना मागे टाकून त्याचा पाठलाग करावयास निघालेला निजाम अखेर पाण्यावाचून व रसदेवाचून वेढला गेला. मार्चच्या आरंभी मुंगी-शेवगावचा तह झाला. निजामाचे स्वारही रिकीबच वापरीत होते. त्यांचे घोडे उंच व महागडे होते. या मोहिमेत जय ठरला तो आघाताच्या जोरावर नव्हे, तर आठवड्यांमागून आठवडे चालूनही घोडी लढण्याजोगी ठेवण्याच्या क्षमतेवर. अशा मोहिमेत सोलवटलेल्या पाठीचा प्रत्येक घोडा म्हणजे पायउतार झालेला एक राऊत. हलके जीन, थोडे सामान आणि दर मुक्कामास तपासलेला तंग यांचे मोल येथे तोफखान्याइतकेच होते.

बाजीरावाविषयी एक कथा परंपरेने सांगितली जाते. त्याला पाहून हुबेहूब चित्र काढून आणण्यासाठी एका चिताऱ्यास पाठविण्यात आले. त्याने आणलेल्या चित्रात बाजीराव घोड्यावर बसून चाललेला होता. लगाम घोड्याच्या मानेवर सैल सोडलेला, भाला खांद्यावर टेकविलेला, आणि दोन्ही हात ज्वारीची कणसे चोळून दाणे खाण्यात गुंतलेले. कथेची सत्यता हा येथे मुख्य मुद्दा नाही. तिच्यातून मराठी मनाने आपल्या स्वाराची कोणती प्रतिमा जपली, ते पाहण्यासारखे आहे. ही प्रतिमा तलवार उपसलेल्या वीराची नाही. ज्याचे दोन्ही हात मोकळे आहेत आणि तरीही ज्याचा घोडा बिनचूक चालला आहे, अशा माणसाची ती आहे. हात मोकळे तेव्हाच राहतात, जेव्हा मांड पक्की असते. आणि कोसच्या कोस मांड पक्की तेव्हाच राहते, जेव्हा पायाखालील आधार मापात असतो. बोथाटीच्या खेळात, म्हणजे बोथट टोकाच्या भाल्याने घोड्यावरून खेळावयाच्या सरावात, हेच शिक्षण दिले जाई. भाला दोन्ही हातांनी फिरविताना घोड्याशी बोलायचे ते मांडीने व टाचेने.

६

या साऱ्या व्यवस्थेच्या मागे जो कारागीर उभा होता, त्याचे नावच त्याच्या वस्तूवरून पडले, तो जीनगर. चामडे कमावून झाल्यावर ते कापणे, शिवणे, भरणे आणि जनावराच्या पाठीच्या आकारास आणणे हे त्याचे काम. पेशवाईत पुण्यासारख्या शहरांत या कारागिरांना मोठी मागणी होती. इ. स. १८१८ नंतर सरदारांच्या पागा मोडल्या, फौजा विसर्जित झाल्या, आणि ही मागणी ओसरली. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा पुण्याचा भाग इ. स. १८८५ मध्ये प्रसिद्ध झाला, तोपर्यंत जीनगर पितळी ओतकाम, पुस्तकबांधणी, चित्रे व मूर्ती यांसारख्या अनेक व्यवसायांत शिरलेले होते. जाड चामडे सरळ रेषेत शिवणाऱ्या हातांना पुस्तकाची पुठ्ठाबांधणी अपरिचित नव्हती. एका समाजाचे नाव टिकले आणि ते ज्यावरून पडले ती कला मात्र हातून गेली, असा हा विपरीत योग आहे.

शिलेदारी पद्धती मात्र इंग्रजी अमलातही तगून राहिली. इंग्रजांच्या हिंदी घोडदळातील अनेक पलटणींत स्वाराने घोड्याची व साजाची तरतूद स्वतः करावी, ही पद्धती शिलेदारी याच मराठी-फारसी नावाने पहिल्या महायुद्धापर्यंत चालू होती. त्या युद्धातील प्रचंड हानीपुढे ती टिकू शकली नाही आणि इ. स. १९२१ च्या सुमारास ती संपुष्टात आली. त्यानंतर साज ठराविक नमुन्याचा, कारखान्यात बनलेला व सरकारी झाला. आज येवल्याच्या घोडेबाजारात किंवा नंदुरबार जिल्ह्यातील सारंगखेड्याच्या यात्रेत घोड्यांची खरेदी-विक्री होते, आणि भीमथडी घोड्याची स्वतंत्र जात म्हणून राष्ट्रीय स्तरावर नोंदही झाली आहे. घोड्याचा वंश अशा रीतीने नोंदविला गेला. पण त्याच्या पाठीवर जे चढविले जाई त्याची नोंद अजून विखुरलेलीच आहे.

७

उपर्युक्त विवेचनावरून दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा की, रिकीब ही स्वतः कोणत्याही युद्धपद्धतीची वा समाजव्यवस्थेची जननी नव्हे. लांब वादीने तिने युरोपातील चिलखती स्वाराला आघातात स्थिर ठेवले. अन्य हातांत, अन्य मापाने, तिने दख्खनच्या राउतास दिवसभर घोड्यावर राहण्याचे बळ दिले. व्हाइट यांच्या सिद्धांताची परीक्षा कालक्रमाच्या कसोटीवर झाली आहे. ती मराठी उदाहरणाच्या कसोटीवरही झाली पाहिजे, आणि त्या कसोटीवर तो सिद्धांत अपुरा ठरतो. भूमी, वैरण, घोड्याची चण, खजिन्याची ऐपत आणि युद्धाचा हेतू यांनी रिकिबीचे माप ठरविले. रिकिबीने त्यांचे नाही.

दुसरा निष्कर्ष अभ्यासपद्धतीविषयी आहे. दप्तरांतून लढाया, तह आणि सनदा सापडतात. वादीला पाडलेले एक जास्तीचे छिद्र सहसा सापडत नाही, कारण ते कोणी हुकुमाने पाडलेले नसते. ते पहाटे मुक्काम हलण्यापूर्वी, अंधारात, एखाद्या राउताने आपल्या दुखऱ्या गुडघ्यासाठी पाडलेले असते. अशा छिद्रांचा इतिहास लिहावयाचा तर संग्रहालयांतील जुनी जिने, वीरगळांवरील स्वारांचे दुमडलेले गुडघे, चित्रांतील पावलांची ठेवण, जीनगरांच्या घराण्यांतील हत्यारे आणि पागेची बोली, ही सर्व साधने दप्तराच्या जोडीस घ्यावी लागतील. नाशिक जिल्ह्यातील गंगथडीची गावे अशा संशोधनाचे उत्तम क्षेत्र आहेत. सायखेडा व चांदोरी यांच्यामधून वाहणारी गोदावरी महापुरात दोन्ही गावांत शिरते, इ. स. २०१६ व २०१९ च्या पुरांत हे पुन्हा घडले. जुन्या वाड्यांच्या माळ्यांवर आणि पडव्यांत जे काही लाकूड, लोखंड व चामडे अद्याप उरले असेल, त्याला प्रत्येक पूर थोडे थोडे कमी करीत आहे. कागद जपण्याची सवय महाराष्ट्रास राजवाडे-खरे यांच्या पिढीने लावली. वस्तू जपण्याची, आणि ती वस्तू माणसाच्या व जनावराच्या देहाशी कशी जुळत होती हे विचारण्याची सवय लावणे, हे पुढील पिढीचे काम होय.